टाकीत न मावणारे मासे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाळी झाली की भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूरकडे गावोगावच्या मंडया, म्हणजे जत्रा, सुरू होतात. दिवसा दंडार हे लोकनाट्य, रात्री नाटक, आणि दुकानांच्या ओळीत एखादा तरी प्लास्टिकच्या पिशव्यांत रंगीत मासे टांगून बसलेला असतो. जोडी नाटकाच्या तिकिटापेक्षा स्वस्त पडते, पोरगं हट्ट धरतं, पिशवी घरी येते. त्यातले बरेच मासे डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत मरतात. जे तगतात ते होळीनंतर असे काही वाढतात की मे महिन्यात घरच्यांना प्रश्न पडतो, आता याचं करायचं काय? खालची उत्तरं अशा घरांसाठी आहेत. मासा अजून आणला नसेल तर फारच उत्तम, आधी वाचून घ्या.

मंडईत 'शार्क' म्हणून घेतला. हा खरंच शार्क आहे का?

नाही. हा पंगास. बाजारात ज्याचे काटे नसलेले तुकडे मिळतात, आंध्रातून ट्रक भरभरून येतो, तोच. मूळचा मेकाँग आणि चाओ फ्राया या नद्यांचा, म्हणजे थायलंड, कंबोडिया, व्हिएतनामकडचा. बोटभर असताना अंगावर चंदेरी-काळे पट्टे चमकतात आणि पाठीवरचा पर उभा असतो, त्यावरून दुकानदाराने 'शार्क' म्हणायचं ठरवलं. वाढून तो मीटरभराच्याही पुढे जाऊ शकतो, वजन चाळीस किलोपर्यंत नोंदलेलं आहे. तळ्यात वर्षभरात किलोभर सहज होतो, म्हणूनच तर त्याची शेती करतात.

दोन फुटी टाकीत तो टिकतो कसा, याचं उत्तर त्याच्या श्वासात आहे. पाण्यातला प्राणवायू कमी पडला की तो वर येऊन हवेचा घोट घेतो. त्यामुळे दुसरा मासा ज्या पाण्यात मेला असता त्या पाण्यात पंगास जिवंत राहतो आणि मालकाला वाटतं, सगळं ठीक चाललंय. ठीक काही नसतं. हा थव्यानं फिरणारा, दचकणारा मासा आहे. खोलीत कोणी दिवा लावला, टाकीजवळून पटकन गेलं, की तो काचेवर धडकतो. त्याच्या नाकाकडे एकदा नीट पाहा. पुढचा भाग घासून पांढरा किंवा लालसर झालेला असेल, तर टाकी त्याला लहान पडते आहे हे समजा.

मासा टाकीच्या मापापुरताच वाढतो असं दुकानदार सांगतो. खरं का?

दुकानदार अर्धं सांगतो. लहान टाकीत माशाची वाढ खुंटते हे खरं, पण ती खुंटते घाणीमुळे. माशाच्या मूत्रातून आणि कल्ल्यांतून अमोनिया बाहेर पडतो, थोड्या पाण्यात तो साचतो, पुढे नायट्रेट वाढत जातं, मासा सतत आजारी राहतो. कणा वाकडा होतो, डोळे डोक्याच्या मानाने मोठे दिसायला लागतात, पोट खपाटीला जातं. वीस वर्षं जगणारा मासा तीन वर्षांत जातो आणि आपण म्हणतो, त्याचं आयुष्य तेवढंच होतं. लहान चपला घातल्या म्हणून पोराचा पाय वाढायचा थांबत नाही, तसंच हे.

सगळ्यात जास्त फसगत कोणत्या माशांत होते?

पंगासचं वर झालं. दुसरा रूपचंद. लाल पोटाची ही पिल्लं 'पिरान्हा' म्हणून विकतात. तो पिरान्हाचा चुलत नातेवाईक आहे, पण मुख्यतः फळं आणि बिया खातो. अमेझॉन खोऱ्यात पाण्यात पडलेली फळं, कठीण कवचाच्या बिया तो दातांनी फोडतो. ओठ बाजूला करून पाहिलं तर माणसाच्या दाढांसारखे चौकोनी दात दिसतात. नागपूरच्या मासळी बाजारात रूपचंद किलोवर मिळतो, हेच त्याच्या आकाराबद्दल पुरेसं बोलकं आहे.

तिसरा सकर, ज्याला दुकानात 'टँक क्लीनर' म्हणून गळ्यात मारतात. टाकी साफ करतो म्हणून दोन इंचांचा घेतला जातो आणि तो दीड फुटाचा होतो. मोठा झाल्यावर शेवाळ खाणं जवळजवळ सोडतो आणि स्वतःच इतकी विष्ठा टाकतो की सफाईसाठी आणलेल्या माशाची सफाई आपल्याला करावी लागते. मला विचाराल तर या एका माशाची विक्रीच बंद व्हायला हवी. कारण पुढे तलावाच्या प्रश्नात येईल.

ऑस्कर वर्षभरात फूटभराजवळ जातो. तो हुशार असतो, मालकाला ओळखतो, हातून खातो, त्यामुळे सोडवत नाही. फ्लॉवरहॉर्नही फूटभर होतो आणि शेजारी कोणी सहन करत नाही. सिल्व्हर अरोवाना तीन फुटांच्या आसपास जातो आणि झाकण उघडं दिसलं की उडी मारतो. सकाळी जमिनीवर कोरडा पडलेला सापडतो. रेड टेल कॅटफिश हा मीटरभराचा मासा आहे आणि तो कोणत्याही घरात मावत नाही. 'मोठी टाकी घेऊ पुढे' हे वाक्य त्याच्या बाबतीत बोलूच नये. ॲलिगेटर गार तर त्याहून पुढचा. २०११ मध्ये मिसिसिपीत सापडलेला एक साडेआठ फुटांच्या घरात होता आणि वजन जवळपास १४८ किलो. त्याची अंडी माणसाला विषारी असतात. बोटभर लांबीचं, सुसरीसारख्या तोंडाचं ते पिल्लू पाहून भुलू नका.

आणि गोल्डफिश. वाटीतला म्हणून ज्याची ख्याती, तो कार्प कुळातला. लांब शेपटीचा साधा गोल्डफिश फूटभर होऊ शकतो आणि पंधरा-वीस वर्षं जगतो. काचेच्या गोल भांड्यात त्याला ठेवणं ही शिक्षा आहे.

माझ्या टाकीत पाणी किती हे कसं काढायचं?

लांबी, रुंदी, उंची फुटांत घेऊन गुणाकार करा आणि २८ ने गुणा. २ × १ × १ फुटांची टाकी म्हणजे साधारण ५६ लिटर. ४ × १.५ × १.५ म्हणजे अडीचशे लिटर. ४ × २ × २ म्हणजे साडेचारशे.

एक ऑस्कर पाळायचा तर अडीचशे लिटर ही खालची मर्यादा धरा, दोन असतील तर साडेचारशे. मोठ्या माशासाठी लिटरपेक्षा रुंदी जास्त पाहावी. माशाला वळता आलं पाहिजे. टाकीची रुंदी माशाच्या पूर्ण वाढलेल्या लांबीच्या निदान दीडपट हवी, लांबी चार-पाचपट. हा हिशेब तीन फुटांच्या अरोवानाला लावून पाहा. साडेचार फूट रुंद, बारा ते पंधरा फूट लांब. तुमच्या घरातली किती खोली उरते?

घरात चार फुटी टाकी ठेवली तर जमीन खचेल का?

साडेचारशे लिटर पाणी म्हणजे साडेचारशे किलो. त्यावर काच, स्टँड, वाळू. सहाशे किलोच्या आसपास जातं. सारवलेल्या जमिनीवर स्टँडचे पाय हळूहळू एका बाजूने खचतात, टाकी तिरपी होते, आणि एका कोपऱ्यावर ताण येऊन काच तडकते. पायांखाली फरशीचे जाड तुकडे किंवा सिमेंटचा ओटा करून घ्या, स्पिरिट लेव्हल लावून बघा. दोन फूट उंच पाण्याला दहा-बारा मिलिमीटरची काच लागते. स्थानिक काचवाला खिडकीची काच वापरून 'चालते भाऊ' म्हणेल, ऐकू नका. माडीवर ठेवायची असेल तर भिंतीला लागून, तुळईच्या वर ठेवा.

घराजवळच्या बोडीत (लहान तळ्यात) किंवा गावतलावात सोडून दिला तर? जीव वाचेल ना बिचाऱ्याचा.

सर्वात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि उत्तर नाही असंच आहे. कारणं मात्र नीट सांगतो.

पूर्व विदर्भात सहा-सात हजार माजी मालगुजारी तलाव आहेत, आपण त्यांना मामा तलाव म्हणतो. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजाच्या लोकांनी उतार पाहून मातीच्या पाळी, म्हणजे बांध, घालून ते बांधले. १९५० च्या कायद्यानं मालगुजारी म्हणजे जमीनदारी गेली, तलाव सरकारकडे आले, पण पाळी आजही मातीच्याच आहेत. आता सकर मासा आठवा. तो अंडी घालायला काठाच्या मातीत बिळं करतो, हातभर आणि त्याहून खोल. एका पाळीत अशी शेकडो बिळं झाली तर पाळीचं काय होईल हे पाटबंधाऱ्याच्या माणसाला विचारा. कोलकात्याच्या पूर्वेकडच्या पाणथळ जागांत सकरनं जाळी फाडून आणि पकड बिघडवून मच्छीमारांना जेरीस आणलंय. त्याच्या अंगावर खवले नाहीत, हाडाच्या चिलखती पट्ट्या आहेत. बगळा त्याला गिळू शकत नाही, मरळही नाही. पाण्याबाहेर तो तासन्‌तास जगतो.

दुसरं, ते तलाव रिकामे नसतात. बहुतेक ठिकाणी ढिवर समाजाच्या मत्स्य सहकारी संस्थांकडे ठेक्याने असतात. रोहू, कटला, मृगलाचं बी पैसे देऊन सोडलेलं असतं. तुमचा फूटभर ऑस्कर किंवा रेड टेल ती बोटभराची पिल्लं बसून खाईल. म्हणजे तुमच्या दयेचा खर्च दुसऱ्याच्या पोटातून जातो.

तिसरं, तलाव बंद नसतो. सांडव्यातून पाणी नाल्यात, नाला वैनगंगेत, वैनगंगा पुढे वर्धेला मिळून प्राणहिता, प्राणहिता गोदावरीत. पश्चिमेकडे बुलढाणा, अकोल्यात असाल तर पूर्णेतून तापीत. पहिल्या मोठ्या पावसात मासे उलटे वर चढतात, धानाच्या बांधीबांधीत शिरतात. एकदा गेलेला मासा परत गोळा करता येत नाही. २०२३ मध्ये श्रीनगरच्या डल सरोवरात ॲलिगेटर गार सापडला होता. इतक्या थंड पाण्यात हा अमेरिकेचा मासा कोणीतरी टाकल्याशिवाय येत नाही.

चौथं कारण आजाराचं. दुकानातल्या टाकीत दहा गावांचे मासे एकत्र असतात. त्यांच्या अंगावरचे परजीवी आणि जंतू तलावातल्या माशांना नवे असतात.

आणि हो, देवळाच्या कुंडात सोडणं म्हणजे पुण्य नव्हे. कुंडही पावसाळ्यात भरून वाहतंच.

मग विहिरीत?

पिण्याची विहीर असेल तर अजिबात नाही, ग्रामपंचायत त्यात टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर टाकते, मासा त्याच रात्री मरेल आणि कुजेल. शेतातल्या विहिरीत जगेल, पण काढता येणार नाही आणि पंपाच्या फूटव्हॉल्व्हला अडकेल.

माझ्याकडे प्लास्टिक घातलेलं शेततळं आहे. त्यात चालेल?

हा प्रश्न विचार करण्यासारखा आहे. २०१६ पासूनच्या मागेल त्याला शेततळे योजनेत बऱ्याच जणांकडे तळी झाली, १५ × १५ पासून ३० × ३० मीटरपर्यंत, खोली तीन मीटर. पाणी भरपूर, जागा भरपूर.

अट एकच, पण कडक. तळं नाल्याच्या प्रवाहात नको, आणि पाणी बाहेर जाण्याच्या प्रत्येक वाटेला बारीक जाळी हवी. जुलैत अतिवृष्टीत काठावरून पाणी वाहतं का, हे एक पावसाळा बघून ठरवा. वाहत असेल तर परदेशी मासा नको. वाहत नसेल तर कोई (रंगीत कार्प), गोल्डफिश, रूपचंद, पंगास चालतील. सकर, रेड टेल, गार कोणत्याही तळ्यात नकोत. एक उडालेली पाळ किंवा फाटलेली जाळी पुरते. पंगासची व्यापारी शेती करायची असेल तर आधी जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात विचारून घ्या, त्याला वेगळे नियम आहेत.

मे महिन्यात तळ्याचं पाणी खाली जातं, काळं प्लास्टिक तापतं. निदान दीड मीटर पाणी राहील एवढं सिंचन थांबवावं लागेल, आणि हरभऱ्यापेक्षा मासा महत्त्वाचा हे घरात कोणी मान्य करणार नाही, तेव्हा आधीच बोलून ठेवा. काठावर दोर आणि हवा भरलेली ट्यूब बांधून ठेवा. ओलं प्लास्टिक इतकं निसरडं असतं की पोहणाऱ्यालाही वर चढता येत नाही.

सिमेंटचं टाकं, पाण्याची काळी टाकी की ताडपत्रीची गोल टाकी? काय बरं पडतं?

खर्चाला आणि माशाला मिळून ताडपत्रीची गोल टाकी. लोखंडी जाळीच्या चौकटीत जाड ताडपत्री, चार मीटर व्यास आणि मीटरभर उंची असली की दहा-बारा हजार लिटर पाणी मावतं. गोल असल्यानं मोठा मासा कोपऱ्यात अडकत नाही, नाक घासत नाही. बायोफ्लॉकच्या, म्हणजे टाकीत दाटीनं मासे वाढवायच्या पद्धतीच्या, नादात घेतलेल्या आणि आता रिकाम्या पडलेल्या अशा टाक्या गावागावात आहेत, जुनी स्वस्तात मिळेल. बायोफ्लॉक पद्धत मात्र शोभेच्या माशासाठी करत बसू नका. ती चोवीस तास हवेवर चालते आणि आपल्याकडे चोवीस तास वीज कुठे?

सिमेंटचं टाकं नवं असेल तर त्यात लगेच मासा टाकू नका. सिमेंटमधला चुना पाण्यात उतरतो, पाणी अल्कधर्मी होतं, माशाचे कल्ले जळतात. टाकं भरा, केळीच्या खुंटाचे तुकडे करून टाका, आठवड्याने पाणी सोडा, पुन्हा भरा. असं तीन-चार वेळा. मग थोडे गप्पी टाकून बघा.

हजार लिटरची काळी टाकी कापून वापरतात, ऑस्करसाठी ठीक. उन्हात नको, गोठ्याच्या किंवा कडुनिंबाच्या सावलीत ठेवा.

आमच्याकडे बोअरचं पाणी आहे. नळाचं चांगलं की बोअरचं?

दोन्हींना वेगवेगळी तयारी लागते. बोअरचं पाणी खोलातून येतं, त्यात प्राणवायू जवळजवळ नसतो आणि कार्बन डाय ऑक्साइड जास्त असतो. बादलीत काढून रात्रभर ठेवा, शक्य तर उंचावरून धार सोडा. नळाच्या पाण्यात टीसीएल असतं. एक दिवस उघड्यावर ठेवलं की बराच क्लोरीन उडून जातो, घाई असेल तर दुकानात मिळणारं अँटीक्लोरीन वापरा. ग्रामपंचायतीचा माणूस कधी पावडर टाकतो याला वेळापत्रक नसतं, पावसाळ्यात साथ आली की जास्तच पडते, म्हणून थेट नळी टाकीत कधीच सोडू नका.

अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या खारपाण पट्ट्यात असाल तर क्षारांचा विचार करा. उन्हाळ्यात पाणी उडतं, क्षार मागे राहतात. नुसती भर घालत गेलात तर पाणी दर आठवड्याला जास्त खारं होतं. थोडं पाणी काढून टाकूनच नवं घाला, मिळाल्यास पावसाचं साठवलेलं मिसळा. गोल्डफिश, कोई, मोली हे खारट पाणी बऱ्यापैकी सोसतात. अरोवाना, रेड टेल अमेझॉनच्या मऊ पाण्याचे, त्यांना हे पाणी सोसत नाही.

आणि एक महत्त्वाचं. पाणी जितकं अल्कधर्मी आणि जितकं गरम, तितका अमोनिया जास्त विषारी. आपलं बोअरचं जड पाणी आणि आपला मे महिना, दोन्ही एकत्र आले की जी घाण पुण्या-मुंबईच्या टाकीत मासा पचवतो, ती इथे त्याला मारते. म्हणून मोठ्या माशाचं आठवड्याला चौथा हिस्सा ते तिसरा हिस्सा पाणी बदलायचंच, कंटाळा आला तरी.

चंद्रपूरचा उन्हाळा सेहेचाळीस-सत्तेचाळीसवर जातो. मासा कसा वाचवायचा?

पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी मावतो. २० अंशांच्या पाण्यात लिटरला नऊ मिलिग्रॅम, ३५ अंशांच्या पाण्यात सातच्याही खाली. त्याच वेळी माशाची भूक आणि श्वास वाढलेला असतो. त्यात दुपारी लाईट जाते, एअर पंप बंद.

टाकीचं झाकण काढून जाळी बसवा आणि पाण्याच्या पृष्ठभागावर छोटा बारा व्होल्टचा पंखा तिरपा लावा. कूलर ज्या तत्त्वावर चालतो तेच. आपली हवा मे महिन्यात कोरडी ठाक असते, त्यामुळे पाणी दोन ते चार अंशांनी उतरतं. मृग लागला की हवा दमट होते, मग या पंख्याचा उपयोग संपतो, पण तेव्हा गरजही संपते. पाणी रोज बोटभर कमी होईल, ते भरत राहा. बर्फाचा गोळा टाकू नका, एकदम थंड-गरम झालं की मासा आजारी पडतो.

लाईट जाण्यावर बॅटरीवरचा एअर पंप हाच उपाय. तो नसेल तर तांब्यानं पाणी काढून फूटभर उंचीवरून परत ओता, दहा-पंधरा मिनिटांनी पुन्हा. त्या दिवशी खायला देऊ नका, उपाशी मासा कमी प्राणवायू वापरतो. पाणी हिरवं झालं असेल तर धोका दुपारी नसून पहाटे असतो. शेवाळ रात्रभर प्राणवायू खातं, म्हणून चारच्या सुमाराला मासे वर तोंड काढून गपगप करताना दिसतात. तसं दिसलं तर सकाळी अर्धं पाणी बदला आणि टाकीवर सावली करा.

आणि थंडी?

गोंदिया-नागपूरकडे डिसेंबर-जानेवारीत पारा दहाच्या खाली उतरतो. कोई आणि गोल्डफिशला काही होत नाही, खाणं कमी करा एवढंच. पंगास, रूपचंद, ऑस्कर, रेड टेल हे उष्ण पाण्याचे. पाणी वीसच्या खाली गेलं की ते सुस्त होतात, खात नाहीत, अंगावर मिठाच्या दाण्यांसारखे पांढरे ठिपके येतात. लिटरला एक वॉट या हिशेबाने हीटर लावा. दोनशे लिटरला दोनशे वॉटचा हीटर रात्रीचे बारा तास चालला तर रोजचे जवळपास अडीच युनिट. मंडईतून आणलेले मासे संक्रांतीपर्यंत का मरतात, याचं कारण बहुतेक वेळा हेच.

काय खायला घालू? चिकनचे तुकडे चालतील?

दुकानातलं तरंगणारं खाद्य उत्तम. गांडुळं, वाळलेला जवळा अधूनमधून. चिकनच्या दुकानातले आतडे, चरबी नको, पाणी सडतं आणि माशाचं यकृत खराब होतं. भात-पोळी नको. जिवंत लहान मासे खायला घालू नका, रोग तिथूनच येतो. रूपचंदला पालक, काकडी, पिकलेल्या बोरांचा गर आवडतो.

बांधीत लाल पिल्लांचा घोळका सापडला, पोरांनी बरणीत भरून आणला. वाढवू का?

ती मरळीची पिल्लं. धानाच्या बांधीत पावसाळ्यात केशरी-लाल पिल्लांचा पुंजका एकाच वेळी हवा घ्यायला वर येतो, पाण्यावर उकळी फुटल्यासारखी दिसते, आणि खाली नर-मादी राखण करत असतात. फुलमरळ चार फुटांपर्यंत जाते, साधी मरळ दोन फुटांवर. दोन्ही झाकण ढकलून बाहेर पडतात, ओल्या जमिनीवर सरपटतात, टाकीतलं दुसरं सगळं खाऊन टाकतात. पोरांना सांगा, आजच्या आज जिथून आणली तिथेच नेऊन सोडा. इथे सोडायला सांगतोय कारण मासा इथलाच आहे, त्याच पाण्यातला आहे, आणि अजून दुकानातल्या माशांबरोबर राहिलेला नाही. महिनाभर घरच्या टाकीत राहिली की हा नियम लागू होत नाही.

दोन मोठे मासे एकत्र ठेवता येतील का?

नियम तोंडाचा आहे. ज्याच्या तोंडात जो मावतो तो खाल्ला जातो. रेड टेलचं तोंड बघूनच शेजारी ठरवा.

कायद्याचं काही आहे का?

आहे. थाई मांगूरच्या पालनावर देशात २००० पासून बंदी आहे, २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने असलेला साठा नष्ट करायला सांगितलं. 'मांगूर' म्हणून पिल्लं विकणारा भेटला तर लांब राहा. वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर साइट्स या वन्यजीव व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय करारातल्या विदेशी प्राण्यांची नोंद केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर करावी लागते, त्याचे नियम २०२४ मध्ये आले. माशांमध्ये आशियाई अरोवाना म्हणजे लाल-सोनेरी महागडे, आणि अरापाइमा यात येतात. सिल्व्हर अरोवाना यात नाही. विकणाऱ्यानं कागद दिला नाही तर घेऊ नका.

नको झाला तर द्यायचा कोणाला?

पहिल्यांदा ज्याच्याकडून घेतला त्याला. मंडईतला सापडणार नाही, पण गोंदिया, नागपूर, अमरावतीच्या बऱ्याच दुकानांत मोठा निरोगी मासा परत घेतात, पैसे मागू नका म्हणजे लवकर घेतील. मासे पाळणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप गटांवर फोटो, लांबी आणि 'फुकट, न्यायला या' एवढं टाका. शेततळ्यात कोई किंवा रूपचंद पाळणारा शेतकरीही घेईल, पण त्याच्या जाळीची खात्री करा.

नेताना आदल्या दिवशी खाऊ घालू नका. पंगास, रेड टेल, सकर यांच्या परांना काटे असतात, जाळ्यात अडकले की सुटत नाहीत आणि पिशवी फाडतात. टबात पाण्यासकट उचला आणि झाकणाच्या ड्रममध्ये अर्धं पाणी घालून पहाटे न्या. एसटीत ड्रम चढवायला कंडक्टर कुरकुर करेल, ओळखीचा छोटा हत्ती बघा.

खाता येईल का?

पंगास, रूपचंद एरवी आपण खातोच. पण शोभेच्या टाकीतल्या माशाला हिरवं-निळं औषध दिलेलं असतं, ते माणसाच्या खाण्यात येऊ नये. औषध कधी दिलं ते आठवत नसेल तर खाऊ नका. गारची अंडी तर कुत्र्या-मांजरालाही नकोत.

मासा आजारी आहे, कोणी घेत नाही. तडफडू न देता संपवायचा कसा?

लवंगाचं तेल. बाटलीत कोमट पाण्यात ते खूप हलवून दुधाळ करा. दहा लिटर पाण्याला साधारण चार मिलिलिटर, म्हणजे लहान चमच्याला थोडं कमी. मासा आधी शांत होतो, मग आडवा पडतो, मग कल्ले थांबतात. त्यानंतरही अर्धा तास त्याच पाण्यात राहू द्या. नंतर परसात खोल पुरा. हे पाणी नाल्यात ओतू नका, मासा खाऊ नका. बाहेर काढून तडफडू देणं, फ्रीजरमध्ये टाकणं या क्रूर पद्धती आहेत.

मुलगी ऐकत नाही, तिला मासा हवाच. काय आणू?

दोन-अडीच फुटी टाकी आणि त्यात झेब्रा डॅनिओ, मोली किंवा प्लॅटी. सगळे बोटाएवढेच राहतात. झेब्रा आणि रोझी बार्ब हे भारतातलेच मासे आहेत. गप्पी विकतही घेऊ नका, डासांसाठी आरोग्य विभाग गप्पी वाटतो, आरोग्य केंद्रात विचारा. नर रंगीत असतो, मादी राखाडी. फक्त नर ठेवले तर पिल्लांचा पसारा होत नाही. मादी आणली तर महिन्याला पंचवीस-तीस पिल्लं होतात, ती घराबाहेर सोडायची नाहीत. कूलरच्या टाकीत, सिमेंटच्या हौदात ठेवा किंवा शेजाऱ्याला द्या.

मोठा मासाच हवा असेल तर गोल टाकीत चार-पाच कोई. थंडी सोसतात, हाताला येतात, आणि पंचवीस-तीस वर्षं जगतात. तेव्हा मुलगी कॉलेजला नागपूरला गेल्यावर रोजचं खाणं कोण टाकणार, हे टाकी विकत घेण्याआधी घरात ठरवा.